लॅपटॉप आत्ता घ्यावा की जानेवारीपर्यंत थांबावं? (टचपॅड महत्त्वाचा, बजेट ६५ हजार)

प्रूफवाली | ६ डिसेंबर २०२५, रात्री १०.१४

नमस्कार मंडळी. नौपाड्यात राहते, मुद्रितशोधनाचं काम करते. आठवड्यातून तीन दिवस तुर्भ्याला प्रेसमध्ये जावं लागतं. ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं आणि लेडीज डब्यात मांडीवर लॅपटॉप उघडून दोन-तीन पानं हातावेगळी होतात. माऊसचा प्रश्नच येत नाही. शेजारणीच्या मांडीवर फिरवू की काय?

सध्याचा लॅपटॉप २०१७ चा. सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती टचपॅडबद्दल. गेले दोन-तीन महिने टाइप करताना कर्सर मनाला येईल तिथे उडी मारतो. परवा पाककृतींच्या पुस्तकात ‘चवीपुरतं मीठ’ मधलं मीठ थेट लेखिकेच्या मनोगतात जाऊन पडलं. दिसलं म्हणून बरं. डावं क्लिक तर अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. झाकणही हल्ली नीट बसत नाही, पण आठ वर्षांत माझेही सांधे कुरकुरायला लागलेत, त्याला काय बोलणार.

बजेट ६५ हजार. फार तर ६८. टचपॅड चांगला हवा, किंवा तो कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका असतो तसा काही पर्याय चालेल का? शिवाय भाचा म्हणतो की जानेवारीत नव्या चिपा येतायत, थांब. थांबू का?

सिलिकॉन_वाघ | रात्री १०.३१

थांबा!! आत्ता लॅपटॉप घेणं म्हणजे अनंत चतुर्दशीला मूर्ती घरी आणणं. ६ जानेवारीपासून लास व्हेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन आहे. इंटेलने ऑक्टोबरमध्येच पँथर लेक या नव्या लॅपटॉप-चिपची सगळी रचना उघड केलीय. १८ए या नव्या निर्मिती-प्रक्रियेवर बनतेय, ॲरिझोनातल्या नव्या कारखान्यात, १६ पर्यंत कोअर. आधीच्या लुनार लेकमध्ये रॅम चिपच्याच पॅकेजवर बसवली होती, ३२ जीबीच्या पुढे जायची सोयच नव्हती. यात रॅम परत बाहेर आलीय. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीही गप्प बसणार नाही. क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स२ प्रोसेसर सप्टेंबरमध्ये जाहीर झालाय, तोही पुढच्या वर्षी पहिल्या सहामाहीत येईल. वर्षाअखेरीला इंटेलची त्यापुढची चिप नोव्हा लेक आहेच. मी स्वतः २०२३ पासून थांबलोय.

खारीगाव_फास्ट | रात्री १०.४०

२०२३ पासून थांबलोय 😂 मग हा प्रतिसाद पाटीवर लिहून पाठवलात का?

घोडबंदरचा_वाटसरू | रात्री १०.५२

ताई, डोळे झाकून मॅकबुक एअर घ्या. मार्चमध्ये एम४ आला तेव्हा ९९,९०० ला होता, आता सेलमध्ये खाली येतो. टचपॅड म्हणाल तर जगात तोड नाही. आत बिजागरी नाहीच, काच हलतही नाही. खालची मोटर बोटाला असा धक्का देते की दाबलं गेल्यासारखं वाटतं. लॅपटॉप बंद करून दाबून बघा, दगड! २०१५ पासून ॲपलकडे हे आहे. बजेट थोडं ताणा फक्त.

प्रूफवाली | रात्री ११.०५

थोडं म्हणजे ३५ हजार? तेवढ्यात माझी दोन पुस्तकांची प्रुफं होतात हो.

लालठिपका_१९९२ | रात्री ११.२०

शेवटी कुणीतरी ठिपक्याबद्दल विचारलं. माझ्या नावावरूनच कळलं असेल.

हा ठिपका, म्हणजे ट्रॅकपॉइंट, आयबीएममध्ये टेड सेल्कर यांनी घडवला आणि १९९२ मध्ये थिंकपॅड ७००सी या लॅपटॉपवर पहिल्यांदा बाजारात आला. जी, एच आणि बी या तीन कळांच्या मधोमध. तो काठीसारखा हलत नाही, बोटाचा दाब ओळखतो. जेवढं जोरात ढकलाल तेवढा कर्सर वेगाने पळतो. खरी मजा ही की बोटं टायपिंगच्या जागेवरून उचलावीच लागत नाहीत. दिवसाकाठी हजार वेळा हात खाली-वर करायचा वाचवा आणि मग सांगा. लोकलमध्ये खांद्याला खांदा लागलेला असताना तर याच्यासारखं दुसरं काही नाही, कोपर पसरावाच लागत नाही.

६५ हजारांत नवा थिंकपॅड ई मालिकेत मिळेल. नाहीतर कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले टी मालिकेतले रिफर्बिश्ड बघा, निम्म्यात काम होईल. मात्र टी४४० आणि त्या वेळचे बाकीचे टाळा. त्यात ठिपक्याची वेगळी बटणं काढून टचपॅडमध्येच घुसवली होती. गिऱ्हाइकांनी एवढा आरडाओरडा केला की पुढच्या पिढीत बटणं परत आणावी लागली.

सीवूड्सची_सई | ७ डिसेंबर, सकाळी ८.१०

ठिपक्याला सरावायला आठवडा लागतो हे काका सांगायला विसरले. मी ऑफिसात महिनाभर वापरला, तर्जनीचं टोक दुखायला लागलं. आणि आता थिंकपॅड बनवणाऱ्या लेनोव्हो कंपनीलाच त्याचा कंटाळा आलाय, याच वर्षी जानेवारीत आलेल्या थिंकपॅड एक्स९ वर ठिपका नाहीच. चार-पाच वर्षांत जाणार बघा तो.

लालठिपका_१९९२ | सकाळी ८.१६

एक्स९ हा थिंकपॅडच नव्हे. आणि ठिपक्यावरची टोपी बदलून बघितली होतीत का? मऊ, खोलगट, खरखरीत असे प्रकार मिळतात. लोक चप्पल न बदलता पायाला दोष देतात.

सिलिकॉन_वाघ | सकाळी ८.४५

माझा अंदाज: २०२७ पर्यंत ७० हजारांच्या वरच्या सगळ्या विंडोज लॅपटॉपना मोटरवाला टचपॅड येईल, ठिपका जाईल आणि स्क्रीन सगळ्यांच्याच टचच्या होतील. मॅकबुकलाही टचस्क्रीन येणार अशी कुजबुज आहे. शिवाय आयफोनची चिप घातलेला स्वस्त मॅकबुक येणार म्हणतात. म्हणून पुन्हा सांगतो, थांबा.

सोल्डर_आणि_चहा | सकाळी ९.०२

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा, डुलतो का बघा. झाकण बसत नाही + क्लिक घट्ट + कर्सर उडतो = बहुतेक बॅटरी फुगलीय आणि खालून टचपॅडला ढकलतेय. तसं असेल तर चार्जिंगला लावू नका.

नेरूळकर_ज्येष्ठ | सकाळी ९.३०

वाघसाहेबांच्या थांबण्याला माझा सक्त विरोध. आत्ताच घ्या, याच आठवड्यात. रॅमचे भाव बघितलेत का? एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचललाय. ३ डिसेंबरला रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा धंदाच बंद करतोय, फेब्रुवारीनंतर माल पाठवणार नाहीत. जानेवारीत नवी चिप येईलही, पण तिच्या शेजारची रॅम कुठल्या भावाने येईल याचा विचार करा. सुरुवातीला दीड लाखाचे मॉडेल येतात, ६५ हजारांच्या मॉडेलपर्यंत ती चिप झिरपायला वर्ष जातं.

मी ऑक्टोबरमध्येच १६ जीबीची पट्टी घेऊन ठेवली. आता तीच दुकानात विचारली तर दुकानदार माझ्याकडे बघून हसतो. मुलगा म्हणाला बाबा, तुम्ही म्युच्युअल फंड सोडा.

खारीगाव_फास्ट | सकाळी ९.४१

पट्टी लॉकरमध्ये ठेवलीत ना?

टंकलेखक_कळवा | सकाळी १०.०५

प्रूफवालीताई, एक विचारतो. तुम्ही युनिकोडमध्ये काम करता की प्रेसचं पानं लावायचं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर आहे, ते यूएसबीला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय न उघडणारं?

प्रूफवाली | सकाळी १०.२२

दोन्ही. नवीन पुस्तकं युनिकोडमध्ये असतात, पण प्रेसच्या जुन्या फाइली डोंगलशिवाय उघडत नाहीत.

टंकलेखक_कळवा | सकाळी १०.३०

मग दोन गोष्टी यादीतून काढून टाका. मॅक तर गेलाच, हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं असतं. आणि स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉपही नको, कितीही बॅटरी टिकू दे. त्यावर साधी सॉफ्टवेअर भाषांतर होऊन चालतात, पण डोंगलला ड्रायव्हर, म्हणजे तो विंडोजला ओळखू यावा म्हणूनचं छोटं सॉफ्टवेअर, लागतो आणि ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही, तो त्या चिपसाठीच लिहिलेला लागतो. २०-२२ वर्षं जुन्या डोंगलसाठी आता कोण लिहायला बसलंय? मी या फेऱ्यात एकदा सापडलोय. नवा कोरा लॅपटॉप, आणि लग्नपत्रिकेची फाइल उघडेना. मुहूर्त तोंडावर. शेवटी गिऱ्हाइकाच्याच घरच्या संगणकावर बसून पत्रिका केली, जेवण मात्र झक्कास मिळालं.

घोडबंदरचा_वाटसरू | सकाळी १०.४८

मॅकवर विंडोज चालवता येतं.

टंकलेखक_कळवा | सकाळी १०.५०

येतं की. पण ते एआरएमचं, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्याच जातीच्या चिपचं विंडोज. पुन्हा तोच ड्रायव्हर.

घोडबंदरचा_वाटसरू | सकाळी ११.१५

बरं. तरी टचपॅड चांगलाच आहे.

मोनोब्लॉक | सकाळी ११.४०

चिपवाले आणि टचपॅडवाले एवढे भांडताय म्हणून सांगतो. इंटेलचा १९७१ चा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर घडवण्यात ज्यांचा मोठा हात होता ते फेदेरिको फाजिन, त्यांनीच १९८६ मध्ये कार्व्हर मीड यांच्याबरोबर सिनॅप्टिक्स काढली. हीच सिनॅप्टिक्स पुढे लॅपटॉपचे टचपॅड बनवण्यात पुढे आली. म्हणजे दोन्ही पक्षांचं कुलदैवत एकच. चालू द्या.

सीवूड्सची_सई | दुपारी १२.०५

अवांतर: २५ तारखेला नवी मुंबईचा विमानतळ सुरू होतोय, आमच्याकडे आता भाडी कुठे जाणार?

नेरूळकर_ज्येष्ठ | दुपारी १२.२०

अवांतराला अवांतर: भाडी जाऊ द्या हो, आवाजाचं बोला. आम्ही दुपारी झोपतो.

खारीगाव_फास्ट | दुपारी १२.३१

ठाणेकरांचं काय मग, आम्ही घोडबंदरच्या खड्ड्यांतूनच टेक-ऑफ घेतो.

वायरमन_वर्तकनगर | दुपारी २.१०

कर्सर चार्जिंगला असतानाच उडतो का, हे आधी बघा. टचपॅड बोटामुळे विजेच्या क्षेत्रात पडणारा फरक मोजतो. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल किंवा चार्जर दोन पिनांचा असेल तर त्या मोजमापात गडबड होते आणि कर्सर थरथरतो. चार्जर काढल्यावर थांबला तर दोष लॅपटॉपचा नाही, तुमच्या बिल्डिंगच्या वायरिंगचा. जुन्या नौपाड्यात काय काय सापडेल सांगता येत नाही. घामाच्या ओल्या बोटानेही असंच होतं, पण ते डिसेंबरात कमी.

प्रूफवाली | दुपारी २.४५

नाही हो, गाडीत चार्जर कुठला? तिथेच जास्त उडतो.

वायरमन_वर्तकनगर | दुपारी २.५२

मग माझा पास.

सिलिकॉन_वाघ | दुपारी ३.३०

सेटिंगमध्ये टचपॅडच्या पानावर ‘प्रिसिजन टचपॅड’ असं लिहिलंय का बघा. विंडोज ८.१ पासून हा प्रकार आहे. तो असेल तर बोटांच्या खुणा विंडोज स्वतः हाताळतो, नाहीतर लॅपटॉप कंपनीच्या ड्रायव्हरच्या दयेवर. तिथेच संवेदनशीलता कमी करता येते म्हणजे तळहात टेकला तरी कर्सर हलत नाही. नवा लॅपटॉप घेतानाही हे विचारा. दुकानदाराला कळणार नाही, तरी विचारा.

(हा माझा धाग्यातला एकमेव उपयोगी प्रतिसाद असावा, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

गेमरबाबा_कोपरखैरणे | दुपारी ४.००

आमच्या चिरंजीवांसाठी दिवाळीत घेतला. वेगळं ग्राफिक्स कार्ड, १६५ हर्ट्झ स्क्रीन, १ लाख १८ हजार. वजन अडीच किलो. कीबोर्ड रंगीबेरंगी चमकतो. टचपॅड कसा आहे माहीत नाही, तो वापरतच नाही. पण मशीन दणकट आहे, हाच घ्या.

प्रूफवाली | दुपारी ४.१२

अडीच किलो मांडीवर घेऊन ठाणे ते तुर्भे? त्यापेक्षा भाच्यालाच घेऊन जाते, काम तरी करेल.

सोल्डर_आणि_चहा | दुपारी ४.२०

टेबलावर ठेवून बघितलात का?

लालठिपका_१९९२ | संध्याकाळी ५.४०

दुकानात गेलात तर पाच मिनिटं उभ्याने नका बघू. खुर्ची मागा, मांडीवर घ्या आणि एक पूर्ण परिच्छेद टाइप करा. टचपॅड खालच्या कडेला दाबला तर दबतो, वरच्या कडेला दबत नाही, कारण बहुतेक स्वस्त लॅपटॉपात बिजागरी वरच्या बाजूला असते. पोहण्याच्या तलावावरच्या उडीफळीसारखं. ज्याला अंगठ्याने मध्येच क्लिक करायची सवय आहे त्याला तो त्रास रोज होणार. ही गोष्ट कुठल्याही वैशिष्ट्यांच्या तक्त्यात छापलेली नसते. अर्थात ठिपका घेतलात तर या भानगडीतच पडावं लागणार नाही.

सीवूड्सची_सई | संध्याकाळी ६.०३

+१ मांडीवर घेऊन बघण्याला. ठिपक्याला -१.

लिनक्सभक्त_ऐरोली | रात्री ९.१५

जुन्यावर लिनक्स टाका. प्रश्न मिटला.

टंकलेखक_कळवा | रात्री ९.१८

डोंगल.

लिनक्सभक्त_ऐरोली | रात्री ९.२५

डोंगलसकट माणसाला गुलाम करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी वेगळा धागा काढणार आहे.

प्रूफवाली | ९ डिसेंबर, रात्री ८.५०

सोल्डरदादा, दोनदा विचारलंत म्हणून आज जेवणाच्या टेबलावर ठेवला. डुलतोय! एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की दुसरा वर येतो. आणि आडवी नजर टाकली तर टचपॅड मधोमध चक्क फुगलाय, पुरीसारखा. मला वाटायचं पूर्वीपासूनच तसा आहे. हा मी रोज मांडीवर घेऊन बसत होते?

सोल्डर_आणि_चहा | रात्री ८.५४

बंद करा. चार्जर काढा. परत लावू नका, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. उद्या दुकानात नेऊन बॅटरी काढून घ्या. बॅटरी काढल्यावर पॅड परत सपाट झाला आणि क्लिक मऊ झालं तर पॅड शाबूत आहे. तरी मी नवाच घ्या म्हणेन. सातव्या पिढीच्या आय-५ वर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आठवी पिढी लागते, आणि १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपलाय.

वायरमन_वर्तकनगर | रात्री ९.१०

मलाही हीच शंका होती.

नेरूळकर_ज्येष्ठ | रात्री ९.२२

मीही बॅटरी म्हणणारच होतो, पण विमानतळाचा विषय निघाला. दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवणारे लोक असतात, त्यांचं असंच होतं. आत्ताच घ्या नवा. काल पुन्हा भाव विचारून आलो.

घोडबंदरचा_वाटसरू | रात्री ९.४०

बॅटरी फुगलेला लॅपटॉप म्हणजे स्फोटकच. बजेट ताणा.

सिलिकॉन_वाघ | रात्री १०.००

चार आठवडे राहिलेत सीईएसला. भाच्याचा लॅपटॉप मागून घ्या तोवर.

प्रूफवाली | १७ डिसेंबर, दुपारी ३.३०

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. एका पुस्तकाची प्रुफं अंगावर आली होती.

गावदेवी मैदानाजवळ एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने खालचं झाकण उघडलं तर बॅटरीचे तीन कप्पे टम्म. ती काढल्याबरोबर पॅड आपोआप खाली बसला, टक् असा आवाजही आला. नवी बॅटरी २,६०० रुपये, मूळ कंपनीची नाही, पण सहा महिन्यांची हमी आहे. वाघदादांनी सांगितलेलं सेटिंग बघितलं, प्रिसिजन आहे. संवेदनशीलता एक पायरी कमी केली. गेले चार दिवस गाडीत काम केलं, मीठ जागच्या जागी आहे.

शनिवारी वाशीला दोन दुकानांतही जाऊन आले, लालठिपकाकाका म्हणाले तशी खुर्ची मागितली. एका मुलाने दिली, दुसऱ्याने ‘मॅडम, मांडीवर कशाला?’ विचारलं. ठिपकाही चालवून बघितला. बोटाला छान वाटला, पण तीनदा कर्सर खिडकीबाहेर गेला. ६५ हजारांत जे टचपॅड बघितले त्यातला एकही माझ्या सपाट झालेल्या जुन्या पॅडहून बरा वाटला नाही. तेव्हा लॅपटॉप घेत नाहीये. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरून वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. पुढचं पुढे.

लालठिपका_१९९२ | दुपारी ३.४५

तीनदाच गेला? पहिल्या दिवशी माझा तीसदा गेला होता. तुमच्यात गुण आहेत हो. वाया घालवताय.

नेरूळकर_ज्येष्ठ | दुपारी ४.०१

ऑक्टोबरमध्ये रॅमचा भाव बघून हा धागा परत वर काढीन.

गेमरबाबा_कोपरखैरणे | दुपारी ४.३०

२,६०० मध्ये आमच्याकडे नुसता माऊस येतो.

सिलिकॉन_वाघ | संध्याकाळी ५.१५

ऑक्टोबर २०२६ म्हणजे नोव्हा लेकच्या तोंडावर! मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो? थांबा.

प्रूफवाली | संध्याकाळी ६.४०

आता एकच राहिलं. दुरुस्तीवाल्याने जुनी फुगलेली बॅटरी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याच हातात दिली. कचऱ्यात टाकायची नसते एवढं माहीत आहे. काय करू?

सोल्डर_आणि_चहा | संध्याकाळी ६.४८

टोचू नका, दाबू नका. तिची टोकं चिकटपट्टीने झाका. कोरड्या वाळूत ठेवा, घराबाहेर, उन्हापासून लांब. मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आधी फोनवर ‘फुगलेली आहे’ असं स्पष्ट सांगून.

प्रूफवाली | संध्याकाळी ७.३०

बाल्कनीत सावलीला रिकामी कुंडी होती, तिच्यात वाळू भरून ठेवलीय. सासूबाई सकाळपासून विचारत होत्या या कुंडीत काय लावायचं म्हणून. आता त्यांनी तिला पाणी घालू नये म्हणून पाटी लावायला चाललेय.